नारकोंडमचे धनेश खरंच वाढले का, आणि ते बेट पर्यटकांना उघडावं का?

प्रश्न असा आहे: अंदमानातल्या नारकोंडम बेटावरच्या धनेश (हॉर्नबिल) पक्ष्यांची संख्या पूर्वी तीनशेच्या आसपास होती, आता ती हजारावर गेली असं वाचनात आलं. मग हा पक्षी धोक्याबाहेर आला असं समजायचं का? आणि तसं असेल, तर पक्षीनिरीक्षकांना थोड्या संख्येनं का होईना, तिथे जाऊ द्यायला काय हरकत आहे?

दोन्ही उत्तरं आधीच देऊन टाकतो. या आकड्यांवरून पक्षी वाढले असं म्हणता येत नाही. आणि बेट उघडायला माझा विरोध आहे, अगदी थोड्या संख्येनंसुद्धा. माझं बहुतेक काम कोकणातल्या धनेशांवर झालंय, पण नारकोंडमवर रीतसर परवाना घेऊन उतरण्याचा योग मला आलाय. त्या बेटाबद्दल आपल्याकडे दोनच टोकांचं बोललं जातं: एक तर पक्षी आता संपणार, नाहीतर सगळं आलबेल आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर अंदमानच्या किनाऱ्यापासून पूर्वेला साधारण १३० किलोमीटरवर, भर समुद्रात हे बेट आहे. क्षेत्रफळ ६.८ चौरस किलोमीटर आणि उंची ७१० मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढताना जेवढी उंची गाठावी लागते, त्याहून जास्त चढ इथे थेट भरतीच्या रेषेपासून सुरू होतो. सपाट जमीन फार थोडी, बाकी सगळा उतार आणि त्यावर किर्र जंगल. समुद्रतळातून वर आलेला हा ज्वालामुखी आहे, सध्या शांत. त्याच्या दक्षिण-नैऋत्येला असलेलं बॅरन बेट मात्र जागं आहे. तेही दीड शतकाहून जास्त काळ गप्प होतं आणि १९९१ मध्ये पुन्हा पेटलं.

नारकोंडम कुठल्याही मोठ्या भूमीला कधीच जोडलेलं नव्हतं. तिथे जे पोचलं ते उडत, तरंगत किंवा वाऱ्याबरोबर. त्यामुळे तिथे काय नाही याचीच यादी मोठी होते. माकडं नाहीत, खारी नाहीत. फळं खाणाऱ्या पक्ष्यांमध्ये बुलबुल नाहीत आणि तांबटही नाहीत, म्हणजे सह्याद्रीत ज्यांच्या आवाजाशिवाय सकाळ होत नाही तेच दोन गट तिथे गायब आहेत. आहेत ते हिरवे राजकबुतर, कोकीळ, मैना, फळं खाणारी मोठी वटवाघळं, घोरपडी. आणि धनेश. जिकडे बघाल तिकडे धनेश.

माणसांची कायमची वस्ती इथे कधी नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस पोलिसांची एक चौकी उभी राहिली, कारण म्यानमारची हद्द जवळ आहे. चौकीतली माणसं आळीपाळीनं येतात आणि जातात, कुटुंबं तिथे राहत नाहीत. १९७७ मध्ये बेट अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तिथला धनेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्यानं जेवढं वरचं संरक्षण देता येतं तेवढं त्याला मिळालेलं आहे. जागतिक वारसास्थळांसाठी भारतानं जी संभाव्य यादी दिली आहे तिच्यातही २०१४ पासून नारकोंडमचं नाव आहे.

या धनेशाचं शास्त्रीय वर्णन केलं अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, १८७३ मध्ये. शाळेत आपण त्यांना काँग्रेसच्या स्थापनेपुरतं ओळखतो, पण भारतीय पक्षिशास्त्रात त्यांचं काम डोंगराएवढं आहे. पक्षी आकारानं पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास. नराचं डोकं, मान आणि छातीचा वरचा भाग विटकरी-तांबूस, अंग काळं आणि त्यावर हिरवट झाक, शेपूट पांढरी शुभ्र. गळ्याची उघडी कातडी फिकट निळसर. मादी जवळजवळ पूर्ण काळी, शेपूट तेवढी पांढरी. जंगलातून उडताना आधी पंखांचा आवाज येतो आणि मग ती पांढरी शेपूट दिसते. जगात हा पक्षी फक्त या बेटावर आहे. आशियातल्या कुठल्याही धनेशाचं घर एवढं लहान नाही.

आता संख्येकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

१९७२ मध्ये एस. ए. हुसेन यांनी बेटावर जाऊन जो अंदाज बांधला तो सुमारे चारशे पक्ष्यांचा होता. १९९८ मध्ये सलीम अली पक्षिविज्ञान केंद्राच्या रवी शंकरन यांनी तो तीनशेच्या आसपास धरला. शंकरन हे अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर आयुष्य वेचलेले अभ्यासक, त्यामुळे त्यांच्या आकड्याला वजन होतं आणि तो पुढे वीसेक वर्षं सगळीकडे छापला गेला. मग २०१९-२० च्या हिवाळ्यात नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहित नानिवडेकर आणि त्यांचे सहकारी तिथे राहिले, आणि त्यांचा अंदाज निघाला चौरस किलोमीटरला १५१ धनेश, म्हणजे संपूर्ण बेटावर १,०२६. जगात कुठल्याही धनेशाची एवढी दाट वस्ती आजवर नोंदलेली नाही.

तीनशे आणि हजार हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, वीस वर्षांत पक्षी तिप्पट झाले. तसं नाही. दोन्ही वेळा मोजण्याची पद्धत वेगळी होती. पूर्वी जेवढ्या भागात फिरता आलं तिथे पक्षी आणि घरट्याची झाडं मोजून, त्यावरून बाकीच्या बेटाचा अंदाज बांधत. २०१९-२० मध्ये डिस्टन्स सॅम्पलिंग वापरलं. ती पद्धत समजून घेतली तर फरक लगेच लक्षात येईल.

जंगलात ठरलेल्या वाटेनं तुम्ही हळूहळू चालता. पक्षी दिसला की तो वाटेपासून काटकोनात किती लांब आहे ते रेंजफाइंडरनं मोजता आणि वहीत लिहिता. वाटेच्या अगदी लगतचा पक्षी सहसा सुटत नाही. वीस मीटरवरचा कधी दिसतो, कधी नाही. पन्नास मीटरवरच्यांपैकी बरेचसे पानांत दडलेले राहतात. अंतर वाढेल तशी नोंदी कमी होतात, आणि त्या कमी होण्याच्या प्रमाणावरून गणितानं काढता येतं की आपल्याला न दिसलेले पक्षी साधारण किती असावेत. म्हणजे न दिसलेल्यांचाही हिशेब या पद्धतीत धरलेला असतो. नारकोंडमवर तर हा हिशेब फारच महत्त्वाचा ठरतो. उतार एवढा तीव्र की एका हातानं मूळ धरायचं, दुसऱ्या हातानं दुर्बीण सावरायची, आणि डोक्यावर तीन थरांचं जंगल. दहा हातांवर बसलेला धनेश हलला नाही तर दिसत नाही. फळांचे तुकडे पानांवर टपटप पडू लागले की मान वर करायची, तेव्हा कुठे तो सापडतो.

अशा कुठल्याही अंदाजाबरोबर एक पल्ला येतो आणि बातम्यांमध्ये नेमका तोच गळतो. १,०२६ या आकड्याचा पल्ला आहे ७५१ ते १,४०२. खरी संख्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असण्याची दाट शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या गणनेत ९०० आले तर कुणी घट झाली म्हणून बोंब मारू नये आणि १,२०० आले तर कुणी पाठ थोपटून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट महिन्याची. फेब्रुवारीच्या सुमारास माद्या घरट्यात जाऊ लागतात आणि मग कित्येक आठवडे बाहेर येत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये कुणी मोजायला गेलं तर वीण करणाऱ्या माद्या हिशेबात येणारच नाहीत. त्यामुळे वेगवेगळ्या महिन्यांतल्या गणना शेजारी ठेवून त्यावरून चढउतार ठरवणं चूक आहे.

माझं मत विचाराल तर, बेटावर पूर्वीही एवढेच किंवा याच्या जवळपास पक्षी असावेत. बेट भरलेलं आहे. जेवढी फळं आणि जेवढ्या ढोल्या, तेवढे धनेश. चांगली बातमी खरी आहेच, पण ती वाढीची नाही. आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा पक्षी जास्त आहेत, एवढीच ती आहे.

एवढ्याशा जागेत एवढे पक्षी पोसले कसे जातात? याचं उत्तर वड-उंबरांच्या कुळात आहे. नारकोंडमवर हेक्टरी सत्तावीसच्या आसपास फायकसची झाडं मोजली गेली. हेक्टर म्हणजे अडीच एकर, आणि तेवढ्यात या एकाच कुळाची सत्तावीस झाडं. आपल्याकडच्या जंगलात असं काही बघायला मिळत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची फळं सगळी एकाच हंगामात पिकत नाहीत. एक झाड आज लगडतं, शेजारचं दोन महिन्यांनी. त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे जेवण मांडलेलं असतं. फळलेल्या झाडावर धनेश गोळा होतात, पोटभर खातात, उडून जातात आणि बिया दुसरीकडे टाकतात. त्यातून नवी झाडं येतात.

मुख्य भूमीवरच्या जंगलात हे काम वाटून घेतलेलं असतं. अरुणाचलमधल्या पक्केच्या जंगलाशी नारकोंडमची तुलना झाली आहे. तिथे बुलबुल, तांबट, कबुतरं आणि मोठे धनेश असे पुष्कळ पक्षी बिया पसरवतात, आणि त्यांच्यात धनेश संख्येनं थोडे असतात. नारकोंडमवर उलटं आहे. फळं खाणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त धनेशच, आणि झाडांचं सगळ्यात जास्त अडतं तेही त्याच्यावाचून. एका पक्ष्यानं जबाबदारी टाकली तर दुसरा उचलेल, अशी सोय तिथे नाही. शिवाय फळं संपली की शेजारच्या खोऱ्यात उडून जायचं, हा आपल्या सह्याद्रीतल्या धनेशांचा नेहमीचा मार्ग त्याला बंद आहे. चारी बाजूंना समुद्र.

२०१९-२० च्या त्याच अभ्यासात दिसलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फळझाडं आणि धनेश बेटावर सारखे पसरलेले नाहीत. समुद्रालगतच्या खालच्या उतारांवर ते जास्त आहेत, आणि वर चढत जावं तसे कमी होतात. आता चौकी कुठे आहे? खाली, किनाऱ्याजवळ. तिच्याभोवती नारळ, केळी वगैरेंच्या लागवडीसाठी वीसेक हेक्टर जंगल साफ झालेलं आहे. बेटाच्या ६८० हेक्टरांपुढे वीस हेक्टर म्हणजे तीन टक्के, कागदावर काहीच नाही. पण ते तीन टक्के सर्वोत्तम भागातले आहेत. माणूस उतरतो ती जागा आणि धनेशाला हवी असलेली जागा एकच आहे. पुढे कुठलंही बांधकाम झालं तरी ते याच पट्ट्यात होणार, कारण वरच्या कड्यांवर कुणी काही बांधत नाही. बेटाबाबतचा कुठलाही प्रस्ताव समोर आला की मी ‘एकूण क्षेत्राच्या किती टक्के’ हा रकाना सोडून देतो आणि उंची कोणती ते बघतो.

शेळ्यांची गोष्टही इथेच सांगायला हवी. सत्तरच्या दशकात चौकीतल्या माणसांना मांस मिळावं म्हणून बेटावर थोड्या शेळ्या सोडल्या गेल्या. त्यांना मारून खाणारं कुणी नव्हतं, चारा भरपूर होता. बघता बघता त्या रानटी झाल्या आणि शेकड्यांत गेल्या. शेळी मोठ्या झाडाला काही करत नाही. ती रोपं खाते. त्यामुळे वरून बघितलं तर जंगल तसंच हिरवंगार दिसतं, आणि खाली जमिनीवर पुढची पिढीच नसते. टेट्रामेलेससारखी ज्या झाडांत धनेश घरटं करतो ती झाडं अवाढव्य आणि म्हातारी असतात. ढोली तयार व्हायला कैक दशकं जातात. आज शेळीनं खाल्लेल्या रोपाची किंमत त्या बेटाला कदाचित शंभर वर्षांनी कळली असती, तेव्हा म्हातारं झाड कोसळलं असतं आणि त्याच्या जागी दुसरं नसतं. अभ्यासक वर्षानुवर्षं हे लिहीत राहिले. पुढे वनखातं आणि पोलिस यांनी मिळून शेळ्या पकडून हलवल्या आणि बेट जवळजवळ मोकळं झालं. हे काम गाजावाजा न होता झालं, म्हणून कुणाला फारसं माहीत नाही. माझ्या दृष्टीनं नारकोंडमवर गेल्या पन्नास वर्षांत झालेली ही सर्वांत मोठी संरक्षणाची कामगिरी आहे.

घरटं कसं असतं ते एकदा नीट कळलं की मी एवढं ताणून का धरतो ते समजेल. सगळ्या धनेशांची रीत साधारण सारखी, म्हणून कोकणातलं उदाहरण देतो. बेहड्याच्या जुन्या झाडातली ढोली. मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा वगैरे लिंपून दार बंद करते. चोच बाहेर काढता येईल एवढी उभी फट उरते. आत ती अंडी घालते, आणि त्याच काळात उडण्याची पिसं झडून नवी येतात, म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. नर येतो तेव्हा चोच रिकामी दिसते. मग तो मान किंचित झटकतो आणि घशातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणतो, फटीतून आत देतो. पुन्हा झटका, पुन्हा एक फळ. असं एकामागून एक चालतं. संपलं की उडून जातो, आणि पुढची खेप घेऊन येईपर्यंत ढोलीतून एवढासाही आवाज येत नाही. हा नर मेला, किंवा खाली माणसं उभी आहेत म्हणून झाडाकडे फिरकला नाही, तर आतल्या सगळ्यांचा जीव त्या फटीपाशी अडकतो. नारकोंडमवर मोठी झाडं मोजकी, आणि त्यांतली बरीच खालच्या उतारांवर. तिथे गर्दी आणायची म्हणजे या दारांपुढे गर्दी आणायची.

दुसरा धोका माणसाबरोबर आपसूक येणाऱ्या प्राण्यांचा. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हॉवे बेटाजवळ १९१८ मध्ये माकाम्बो नावाचं जहाज खडकावर चढलं आणि त्यातले उंदीर किनाऱ्यावर पोचले. पुढच्या थोड्याच वर्षांत त्या बेटावरचे पाच प्रकारचे पक्षी कायमचे संपले. ते उंदीर घालवायला २०१९ साल उजाडलं. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून झाडांवर चढणारा एक साप आला आणि तिथल्या रानातले जवळपास सगळे स्थानिक पक्षी त्यानं संपवले. दोन्हीकडे कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. सामान उतरवलं, एवढंच. तांदळाची पोती, सिमेंट, लाकडाच्या फळ्या, कुंडीतली रोपं, यांतून उंदीर, मुंग्या, साप, तणांच्या बिया येतात. बेट जितकं लहान, तितका एका पोत्याचा परिणाम मोठा.

त्यात आपल्याला त्या बेटावर काय काय आहे हेही अजून पुरतं माहीत झालेलं नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नारकोंडमवरच्या एका चिचुंद्रीचं नवी जात म्हणून वर्णन केलं, क्रॉसिड्युरा नारकोंडॅमिका. भारतातली सस्तन प्राण्याची नवी जात, आणि तिचा पत्ता लागायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. चौकीवर उंदीर झाले म्हणून कुणी सद्भावनेनं दोन मांजरं नेली असती, तर ही चिचुंद्री नाव मिळण्याआधीच संपली असती.

रडारच्या वादाबद्दल बरेच जण विचारतात. तटरक्षक दलाला बेटावर रडार आणि त्यासाठी वीजनिर्मितीची सोय हवी होती. २०१२ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी धनेशाचं कारण देऊन परवानगी नाकारली. २०१४ मध्ये नव्या सरकारनं प्रकल्पाला मान्यता देत असल्याचं जाहीर केलं. देशाच्या सुरक्षेचा मुद्दा मी हलका समजत नाही. म्यानमारची कोको बेटं तिथून फार लांब नाहीत, आणि समुद्रावर नजर ठेवणं आवश्यक आहे. पण रडारचा मनोरा स्वतः फार जागा खात नाही, हा युक्तिवाद अर्धाच आहे. त्याच्याबरोबर रस्ता येतो, डिझेलचे पिंप येतात, जनरेटरचा आवाज येतो, बांधकामाचे मजूर येतात आणि त्यांच्या चुली पेटतात. रस्त्याचं तर विशेष, कारण अशा उभ्या उतारावर जंगल कापून रस्ता नेला की पहिल्या पावसाळ्यातच कडा ढासळू लागतात. पाळत ठेवायला जागा हवीच असेल, तर या बेटाऐवजी दुसरं ठिकाण किंवा दुसरं साधन शोधा, असंच माझं आजही म्हणणं आहे.

आता मूळ प्रश्न. हजार पक्षी असताना धोका कसला? धोका असा की ते हजारही एकाच ठिकाणी आहेत. सह्याद्रीत एखाद्या तालुक्यातलं जंगल तुटलं तर तिथले महाधनेश संपतात, पण जात उरते. नारकोंडमवर एक मोठं चक्रीवादळ येऊन खालच्या उतारांवरची झाडं झोपवून गेलं, किंवा बाहेरून एखादा रोग आला, तर दुसरीकडून येऊन पुन्हा वस्ती करायला पक्षी नाहीत. आणि बॅरनचं उदाहरण शेजारीच आहे. वादळ किंवा ज्वालामुखी आपण थांबवू शकत नाही. उंदीर, शेळ्या, रस्ते आणि चुली थांबवू शकतो. म्हणून सगळा जोर तिथे लावायला हवा.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग काही जोड्या दुसऱ्या बेटावर सोडून का ठेवत नाही? ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मला ते पटत नाही. अंदमानच्या इतर बेटांवर फळं खाणाऱ्या पक्ष्यांची स्वतःची घडी बसलेली आहे. तिथे एक नवा, मोठा, दांडगा पक्षी नेऊन सोडायचा म्हणजे एका बेटाची चिंता दुसऱ्याच्या माथी मारायची. त्यात धनेश वर्षाला एकदोनच पिल्लं वाढवतात. पकडताना आणि नेताना चारदोन जोड्या दगावल्या तर ते नुकसान भरून यायला वेळ लागतो. जोवर मूळ बेटावरची संख्या ठीक आहे तोवर हा उपाय करू नये. मात्र आज कुणीतरी बसून, तशीच वेळ आली तर काय करायचं, याचा आराखडा लिहून ठेवला तर त्याला माझी हरकत नाही.

पर्यटनाचं म्हणाल, तर ‘मर्यादित संख्या’ ही गोष्ट बेटावर मर्यादित राहत नाही. दहा माणसं न्यायची तर उतरायची जागा हवी, पिण्याचं पाणी हवं, शौचालय हवं, अडकून पडले तर निवारा हवा, कारण समुद्र खवळला की परतीची होडी येत नाही. मग त्या सोयी बघायला आणखी दोन माणसं कायमची हवीत. आणि हे सगळं त्याच किनारपट्टीवर. अभयारण्य असल्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय आजही कुणाला बेटावर पाऊल ठेवता येत नाही, आणि ते तसंच राहावं. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, रीतसर परवानग्या घेऊन डायव्हिंगच्या बोटी नारकोंडमच्या पाण्यात जातात. अशा बोटीवर असाल, तर न उतरता डेकवरून दुर्बीण लावा. खालच्या झाडांच्या शेंड्यांवरून धनेश सतत ये-जा करत असतात. पांढरी शेपूट लांबूनही ओळखू येते.

संरक्षणासाठी माझ्या मागण्या फार थोड्या आहेत आणि त्यांना पैसाही फार लागत नाही. चौकीसाठी येणारं प्रत्येक सामान बंदरावर चढवण्याआधी उंदीर-मुंग्यांसाठी तपासावं. जिवंत जनावर, मग ते कोंबडी असो की मांजर, बेटावर उतरूच देऊ नये. स्वयंपाकाला गॅसच असावा, सरपण तोडू नये. लागवडीची जुनी जमीन टप्प्याटप्प्यानं जंगलाला परत करावी आणि तिथे बेटावरच्याच बियांची रोपं येऊ द्यावीत. आणि दर चारपाच वर्षांनी, त्याच महिन्यांत, त्याच वाटांवर, त्याच पद्धतीनं गणना व्हावी. तेव्हाच वाढ किंवा घट हे शब्द आपल्याला वापरता येतील. चौकीतले पोलिसच यात सर्वांत उपयोगी पडू शकतात. मी भेटलेल्यांपैकी बहुतेकांना पक्ष्याचं कौतुक होतं, फक्त त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलं नव्हतं.

धनेश बघायची हौस असेल, तर त्यासाठी अंदमान गाठायची गरज नाही. महाराष्ट्रातच चार जातींचे धनेश आहेत. राखी धनेश तर पुण्यासारख्या शहरातल्या वडा-पिंपळांवरही दिसतो. मलबारी कवड्या धनेश चिपळूणपासून सिंधुदुर्गापर्यंत भेटतो, आणि तिलारीच्या बाजूला किंवा देवरूखकडच्या देवरायांमध्ये महाधनेश. जानेवारी-फेब्रुवारीत एखादा फळलेला वड हेरा आणि पहाटेपासून त्याच्यापासून लांब बसून राहा. घरट्याची ढोली सापडली तर नर निर्धास्त येईल एवढ्या अंतरावर थांबा. तो जवळच्या फांदीवर येऊन घुटमळत असेल आणि झाडाकडे जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात, लगेच मागे सरा. फोटो टाकताना जागेचं नाव टाकू नका. आणि ती जमीन ज्याची आहे त्याला भेटून सांगा की या बेहड्यात काय आहे, कारण कोकणात खासगी जमिनीवरचं झाड विकायचं की ठेवायचं हे तोच ठरवतो.